गोरित्सिया आणि नोव्हा गोरित्सा: सीमेच्या दोन्ही बाजूंना कॉफी प्यायला जाताना

इटलीच्या ईशान्य टोकाला गोरित्सिया आहे आणि त्याला अगदी खेटून स्लोव्हेनियाचं नोव्हा गोरित्सा. १९४७ च्या पॅरिस तहात सीमा अशी आखली गेली की जुनं शहर इटलीकडे राहिलं आणि उत्तरेकडचं रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियात (स्लोव्हेनिया तेव्हा त्याचाच भाग होता) गेलं. मग त्या बाजूला नवं शहर वसवायला घेतलं, तेच नोव्हा गोरित्सा. स्टेशनसमोरच्या चौकातलं कुंपण २००४ साली निघालं आणि २००७ च्या डिसेंबरात स्लोव्हेनिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आल्यावर रोजची तपासणीही थांबली. २०२५ साली दोन्ही गावांनी मिळून युरोपीय सांस्कृतिक राजधानीचा मान भूषवला.

दोन्हीकडे युरो चालतो आणि घड्याळही एकच आहे. बदलते ती कॉफी पिण्याची रीत. इटलीच्या बाजूला कॉफी काउंटरपाशी उभ्याने, दोन-चार मिनिटांत संपवायची असते. स्लोव्हेनियाच्या बाजूला एका कपावर तासभर बसलात तरी कुणी काही म्हणत नाही. बरेच पर्यटक नेमकं उलटं करतात. इटलीत चौकातल्या टेबलावर बसून जास्तीचे पैसे देतात आणि पलीकडे जाऊन घाईघाईत एक एस्प्रेसो (छोट्या कपातली कडक, बिनदुधाची कॉफी) मारून परततात. म्हणून आमचं सांगणं असं, की सकाळ गोरित्सियात घालवा आणि दुपार नोव्हा गोरित्सात. एक दिवस दोन्हींना पुरतो.

आधी कागदपत्रं

सीमा दिसत नसली तरी तुम्ही देश बदलता आहात. पासपोर्ट मूळ, हातातल्या पिशवीत हवा. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स उपयोगाची नाही. इटलीने ऑक्टोबर २०२३ पासून स्लोव्हेनियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली. पायी जाणाऱ्याला सहसा कुणी थांबवत नाही, पण परतताना गाडी किंवा बस थांबवून कागद पाहिले जाऊ शकतात.

शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तरी काळजी नको. इटलीतून स्लोव्हेनियात जाणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं नव्हे, त्यामुळे परत येताना दुसरा प्रवेश मोजला जात नाही. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा हिशोबही दोन्ही देशांचा मिळून एकच चालतो.

इटलीत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्यांनी मात्र इथे थांबून वाचावं. निवास परवान्याचं नूतनीकरण चालू असेल आणि हातात फक्त पोस्टाची पावती असेल, तर त्या पावतीवर इटलीत राहता येतं, पण शेंगेनमधल्या दुसऱ्या देशात जाता येत नाही. चौकातली रेषा ओलांडून दहा पावलं गेलात तरी तो दुसरा देशच. कार्ड हातात येईपर्यंत गोरित्सियातली कॉफी प्या, नोव्हा गोरित्सा पुढच्या वेळी.

पोहोचायचं कसं

त्रिएस्ते या जवळच्या इटालियन बंदर-शहराच्या त्रिएस्ते चेन्त्राले स्टेशनवरून गोरित्सिया चेन्त्राले साधारण पाऊण ते एक तास. प्रादेशिक गाडी घ्यावी, आरक्षण लागत नाही. कागदी तिकीट काढलं असेल तर फलाटावरच्या यंत्रात पंच करूनच गाडीत चढा. न पंचलेलं तिकीट म्हणजे दंड. लक्षात ठेवायची गोष्ट ही की गोरित्सिया चेन्त्राले इटलीत, गावाच्या दक्षिणेला आहे आणि नोव्हा गोरित्साचं स्टेशन वेगळं, सीमेला लागून. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियानाकडून रेल्वेने आलात तर या दुसऱ्या स्टेशनावर उतराल. दोन्हींमधलं अंतर पायी पाऊण तासात होतं आणि सीमापार बसही आहे. रविवारी आणि सणाच्या दिवशी बसच्या फेऱ्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

भाड्याची गाडी असेल तर ती स्लोव्हेनियात न्यायची परवानगी कंपनीकडून घेतलेली असायला हवी. शिवाय वर्तोय्बाच्या मोठ्या नाक्यावरून पुढे गेलात की थेट एच-४ द्रुतमार्ग लागतो आणि त्यासाठी स्लोव्हेनियाचं ई-विन्येता, म्हणजे द्रुतमार्गांचा ऑनलाइन टोल-पास, काढावं लागतं. गावातल्या लहान नाक्यांवरून साध्या रस्त्याने गेलं की ते लागत नाही. नकाशाच्या ॲपमध्ये टोल टाळण्याचा पर्याय चालू करून ठेवा.

गोरित्सियातला बार

इटलीत कॉफी मिळते त्या जागेला बार म्हणतात. सकाळी सहा-सातला उघडतो. आठवड्यातून एक दिवस बंद असण्याची पद्धत आहे, तो दिवस दारावरच्या पाटीवर लिहिलेला असतो. किल्ला आणि चर्च पाहायला निघण्याआधी पियात्सा व्हित्तोरियाच्या आसपास किंवा स्टेशनकडून येणाऱ्या कोर्सो इतालियावर एखादा बार निवडा. निवड कशी करायची? आत काउंटरपाशी चार-पाच स्थानिक माणसं उभी दिसली पाहिजेत. गिऱ्हाईक सतत असलं की दळलेली कॉफी यंत्रात पडून राहत नाही. दळल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच तिचा वास उडायला लागतो, आणि रिकाम्या बारमध्ये दिवसाची पहिली कॉफी तुमच्या वाट्याला आली तर ती बहुधा फिकी निघते.

आत शिरताच ‘बुओनजोर्नो’ म्हणा. हे नुसतं सौजन्य नाही. रांग नसते, त्यामुळे बारवाल्याला तुम्ही आल्याचं कळायचा तोच मार्ग. काही बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरायचे असतात. तिथे ‘कास्सा’ अशी पाटी असते आणि लोक हातात छोटी पावती घेऊन काउंटरकडे जाताना दिसतात. तसं असेल तर आधी पैसे भरा, पावती काउंटरवर ठेवा आणि काय हवं ते पुन्हा सांगा. नाहीतर आधी कॉफी, नंतर पैसे. दोन मिनिटं दाराशी थांबून बाकीचे काय करतात ते पाहिलं की सगळं समजतं.

भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं. त्यात ‘अल बान्को’ म्हणजे काउंटरचा दर आणि ‘अल तावोलो’ म्हणजे टेबलाचा. काउंटरवर एस्प्रेसो साधारण सव्वा ते दीड युरोला पडते, टेबलावर तीच कधी दुपटीच्याही वर जाते. काउंटरवरून कप घेऊन स्वतःच टेबलावर जाऊन बसणं बरं दिसत नाही. बसायचंच असेल तर सरळ बसा, वेटर येईल आणि तो दर द्या. थकलेल्या आई-वडिलांना घेऊन आला असाल तर तो दर द्यायला हरकत नाही, फक्त जाणूनबुजून द्या.

नुसतं ‘उन काफे’ म्हटलं की एस्प्रेसो येते. दूध थोडं हवं तर ‘माकियातो’, आपल्या सवयीच्या कॉफीच्या जवळचं काही हवं तर ‘काप्पुच्चीनो’. ‘लाते’ एवढंच मागितलंत तर ग्लासभर दूध समोर येईल. ‘काफे कोर्रेत्तो’ मध्ये ग्राप्पा किंवा दुसरी दारू असते, तेव्हा यादीतलं अनोळखी नाव म्हणून ती मागवू नका. इथून त्रिएस्तेला जाणार असाल तर तिथली भाषा वेगळी: एस्प्रेसोला ‘नेरो’, माकियातोला ‘कापो’, तोच काचेच्या छोट्या पेल्यात हवा तर ‘कापो इन बी’. त्रिएस्तेत ‘काप्पुच्चीनो’ म्हटलं तर अनेक ठिकाणी लहान कपातला माकियातोच मिळतो, मोठा कप हवा असेल तर ‘काफेलाते’ म्हणावं. त्रिएस्ते १७१९ पासून मुक्त बंदर होतं, कॉफीची जहाजं तिथे लागत. हाउसब्रांट (१८९२) आणि इली (१९३३) या कॉफी कंपन्या त्याच शहरात सुरू झाल्या. गोरित्सियातल्या पुष्कळ बारमध्ये त्रिएस्तेतच भाजलेली कॉफी असते, मात्र मागताना नेहमीची इटालियन नावंच घ्या, म्हणजे गोंधळ होत नाही.

भारतीयांची एक तक्रार हमखास असते: काप्पुच्चीनो कोमट आहे. तो बिघाड नाही. इटालियन मापाने त्यात २५ मिली एस्प्रेसो आणि १०० मिली दूध असतं आणि दूध ५५ अंशांच्या आसपासच तापवतात. त्यापुढे नेलं की दुधाचा गोडवा जातो आणि फेस जाड, कोरडा होतो. चटका देणारीच कॉफी आवडत असेल तर मागतानाच ‘बेन काल्दो’ म्हणा. कप परत देऊन तापवून मागू नका. जेवणानंतर काप्पुच्चीनो मागितली तर कुणी नाही म्हणणार नाही. इथली माणसं अकरानंतर ती घेत नाहीत, इतकंच.

कपात काय पाहायचं

एस्प्रेसोचं इटालियन प्रमाण ठरलेलं आहे: ७ ग्रॅम कॉफी, ९ बार (हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट) दाब, ८८ अंशांचं पाणी आणि २५ सेकंदांत २५ मिली. काउंटरपाशी उभं राहण्याचा फायदा हा की हे डोळ्यांसमोर घडतं. बारवाल्याने हातातलं फिल्टर ठोकून जुना चोथा काढला, नवी कॉफी दळून भरली, दाबली आणि यंत्राला लावून लगेच बटण दाबलं, तर माणूस जाणता आहे. यंत्राला लावून तो गप्पा मारायला लागला तर गरम धातूवर कॉफी करपते.

धार सुरुवातीला दोन-चार सेकंद येत नाही. मग गडद थेंब, मग शेपटीसारखी बारीक, किंचित वळणारी धार. कपात कॉफीच्याच फेसाची साय (क्रेमा) येते ती बदामी-तांबूस, वर फिक्या रेघा असलेली. साखर टाकली तर ती क्षणभर सायीवर थांबून मग बुडायला हवी. धार दहा-पंधरा सेकंदांतच भसाभसा संपली तर साय फिकी, विरळ येते आणि कॉफी आंबट, पाणचट लागते, कारण दळण जाड किंवा कॉफी कमी. धार थेंबथेंब, चाळीस सेकंद रेंगाळली तर सायीच्या कडा काळपट होतात, मध्ये भोक पडतं आणि चव जळकी, घशाशी राहणारी. दोन्ही वेळेला तक्रार करून विशेष काही साधत नाही. पुढच्या बारमध्ये जा, तो दीड युरोचाच प्रश्न आहे.

सोबत पाण्याचा छोटा ग्लास येतो, नाही आला तर मागा. ते आधी प्यायचं असतं, जीभ स्वच्छ व्हावी म्हणून. कॉफी चमच्याने ढवळून तीन-चार घोटांत संपवा. गार झालेली एस्प्रेसो कडवट होते आणि तो दोष कॉफीचा नसतो.

खाण्याचं

शाकाहारी माणसाला इथे उपाशी राहावं लागत नाही, पण अंडं न खाणाऱ्यांनी सावध राहावं. ब्रियोश या न्याहारीच्या गोड पावाच्या पिठात किंवा वरून लावायला अंडं जवळपास नेहमीच असतं. ‘गुबाना’ हा या भागातला अक्रोड-मनुक्यांचा गोल गुंडाळलेला गोड पाव उत्तम असतो, पण त्यात अंडं असतं आणि सारणात दारूही. पलीकडे स्लोव्हेनियात त्याच जातीची ‘पोतित्सा’ मिळते, तीही अंड्याचीच. अंडं नको असेल तर काउंटरवर चीज-टोमॅटोचा सँडविच मागा, आधी हॅम नाही ना ते विचारून. पलीकडे बुरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) घेणार असाल तर ‘सिरनी’ म्हणजे चीजचं, ‘मेस्नी’ म्हणजे मांसाचं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

रेषा ओलांडताना

गावातून चालत पियात्साले देल्ला त्रान्झाल्पिनाकडे जा. स्लोव्हेनियाच्या बाजूला याच चौकाचं नाव त्र्ग एव्रोपे. समोरची मोठी इमारत १९०६ सालचं रेल्वे स्टेशन, सीमा तिच्यापुढून चौकातच जाते. फोटो सगळेच काढतात, काढा. बोलताना मात्र एवढं भान असू द्या की इथल्या म्हाताऱ्या माणसांची शेतं, नातेवाईक, दफनभूमी या रेषेने वेगळ्या केल्या होत्या. ‘तुम्ही आधी कोणत्या देशात होता’ हा प्रश्न गमतीने विचारण्यासारखा नाही.

मोबाइल इथे आपोआप नेटवर्क बदलतो. युरोपीय संघातलं सिम असेल तर २०१७ पासून वेगळं रोमिंग लागत नाही. भारतातून घेतलेलं पॅक असेल तर त्यात इटली आणि स्लोव्हेनिया दोन्ही आहेत का ते पाहा. फक्त इटलीचं असेल तर सीमेच्या अलीकडेच, गोरित्सियात बसल्या बसल्या, फोन पलीकडचा टॉवर पकडू शकतो आणि बिल वाढतं. अशा वेळी नेटवर्क हाताने निवडून ठेवा.

चार्जरचंही तसंच. इटलीतल्या जुन्या सॉकेटला एका ओळीत तीन बारीक भोकं असतात, स्लोव्हेनियातलं सॉकेट गोल आणि खोलगट. जाड, गोल युरोपीय प्लग इटलीच्या जुन्या सॉकेटात जात नाही आणि इटलीचा तीन पिनांचा प्लग स्लोव्हेनियात जात नाही. दोन बारीक पिनांचा चपटा प्लग दोन्हीकडे बसतो. लॅपटॉप घेऊन कॅफेत बसायचा बेत असेल तर तोच ॲडॉप्टर न्या.

नोव्हा गोरित्सातली कावार्ना

स्टेशनकडून गावाच्या मध्याकडे, बेव्हकोव्ह त्र्गच्या दिशेने चालत जा. शहर ठरवून आखलेलं, रुंद रस्त्यांचं आणि झाडांचं. कॅफेला ‘कावार्ना’, गोड पदार्थांच्या दुकानाला ‘स्लाश्चिचार्ना’. इथे आत जाऊन काउंटरवर उभं राहायचं नाही. टेबल बघून बसा, माणूस येतो. टेबलाचा वेगळा दर साधारणपणे नसतो, म्हणून बसायची हौस इथे भागवा. बाहेरच्या टेबलांवर सिगारेटचा धूर भरपूर असतो. आत बंदी आहे, मुलं बरोबर असतील तर आतच बसलेलं बरं.

इथल्या बऱ्याच जणांना इटालियन येतं, तरी सुरुवात ‘दोबेर दान’ ने करा. माणूस खुलतो. ‘कावा’ म्हणजे एस्प्रेसो, ‘कावा झ म्लेकॉम’ दुधाची, ‘पोदाल्शाना’ जास्त पाण्याची. मोठ्या कपातली भरपूर दुधाची हवी असेल तर ‘बेला कावा’, आपल्याकडच्या माणसाला सर्वांत लवकर आवडते ती हीच. उन्हाळ्यात ‘लेडेना कावा’ मागितलीत तर बर्फाची कॉफी नाही, आइसक्रीम आणि वर फेटलेली साय घातलेला उंच ग्लास येतो. एकात दोघं भागतात.

‘तुर्श्का कावा’ म्हणजे तुर्की पद्धतीची, न गाळलेली. स्लोव्हेनियात ती घराघरांत होते, पण प्रत्येक कॅफेत मिळेलच असं नाही, विचारावं लागतं. मिळाली तर लगेच तोंडाला लावू नका. दोन-तीन मिनिटं तशीच ठेवा, चोथा खाली बसू द्या. साखर करतानाच घालून घ्यायची, कारण नंतर ढवळलं की बसलेला चोथा पुन्हा वर येतो. शेवटचा बोटभर घोट कपातच सोडायचा.

बिल पुष्कळदा कॉफीबरोबरच येतं, छोट्या पेल्यात खोचून. ते फेकू नका, बाहेर पडेपर्यंत जवळ ठेवा.  बक्षिसी बंधनकारक नाही, रक्कम वरच्या अर्ध्या किंवा पूर्ण युरोपर्यंत नेली की झालं. कार्ड यंत्राने ‘युरो की रुपये’ विचारलं तर दोन्ही देशांत युरोच निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा वाईट दर लागतो. प्रसाधनगृहाच्या दारावर इथे ‘एम’ म्हणजे पुरुष आणि टोपीवाला ‘झेड’ म्हणजे बायका. इटलीत ‘सिन्योरी’ पुरुषांचं, ‘सिन्योरे’ बायकांचं, घाईत हमखास चुकतं.

घरी न्यायची कॉफी

रविवारी स्लोव्हेनियातली मोठी दुकानं बंद असतात, कॅफे चालू. त्यामुळे पाकिटं घ्यायची असतील तर शनिवारपर्यंत घ्या. तुर्की पद्धतीसाठी बार्काफे हे तिथलं घरोघरी असणारं नाव. पूड मैद्यासारखी बारीक असते. छोट्या भांड्यात कपभर, म्हणजे १०० मिली पाणी साखरेसह उकळा, गॅसवरून उतरवून एक भरलेला चमचा, साधारण ७ ग्रॅम पूड घाला, पुन्हा मंद आचेवर ठेवून फेस वर येताच उतरवा. उतू गेली की चव आणि गॅस दोन्ही गेले.

ही पूड मोका पॉटमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने पाणी वर चढवणाऱ्या इटालियन भांड्यात, मात्र घालू नका. इतकं बारीक दळण जाळीत चिकटतं, पाणी वर चढत नाही आणि आतला दाब वाढून सुरक्षा झडपेतून वाफ सुटते. मोकासाठी इटलीत ‘माचिनातो पेर मोका’ लिहिलेलं पाकीट मागा आणि भरताना पूड दाबू नका. तेच दळण आपल्या स्टीलच्या फिल्टरमध्येही चालतं, पण यात चिकोरी नसल्याने पाणी भरभर उतरतं आणि डिकॉक्शन पातळ येतं. पूड दीडपट घ्या.

पाकिटावर हवा बाहेर जाऊ देणारी छोटी झडप असेल तर ताज्या भाजलेल्या दाण्यांचं पाकीट घ्यायला हरकत नाही. उघडल्यावर तीन-चार आठवड्यांत संपवा आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरते. हिरवे, न भाजलेले दाणे कितीही स्वस्त मिळाले तरी आणू नका. त्यांना भारतात वनस्पती संगरोधाचे, म्हणजे बाहेरून कीड-रोग येऊ नयेत यासाठीचे, नियम लागतात.